पाचव्या दिवसापासून

"थांब," बाई म्हणाल्या. "परत चुकीच्या जागी सुरू केलंस."

मी दोरी सोडली. पाळणा आपल्या वेगानं दोन-तीनदा हलला, कड्या कुरकुरल्या आणि थांबला. पाळण्यात दगडी वरवंटा होता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, वरच्या टोकाला कुंची घातलेला. बारशाच्या दिवशी बायका 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळाआधी वरवंटा पाळण्याखालून फिरवतात, तसाच. फरक एवढाच, की बाईंच्या पाळण्यात तो बाराही महिने निजलेला असे.

"कुठं चुकलं?" मी विचारलं.

"पाळणा तुझ्याजवळ आला होता तेव्हा तोंड उघडलंस. जवळ आलेल्याला हाक कशाला मारायची? लांब जाऊ दे त्याला. पार टोकाला गेला की क्षणभर थांबतो, बघ. तिथून वळला की सुरू कर. गाणं परतीच्या हेलकाव्यावर सुरू होतं."

मी पुन्हा दोरी धरली. तीन आठवडे मी रोज दुपारी हेच करत होतो. वाचनालय एक ते चार बंद असे, त्या वेळात.

या गोष्टीला पंचावन्नपेक्षा जास्त वर्षं झाली. माझ्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही, तेव्हा जे नक्की आठवतं तेवढंच सांगतो. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. नीरेकाठच्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. कुणी मोठ्यानं बोललं तर त्याला गप्प करणं हे माझं काम, पण तेही मला जमत नसे. मी नुसतं 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवी, आणि लोक तिकडे बघून पुन्हा बोलू लागत. माणसांपेक्षा पुस्तकांशी माझं बरं जमे. कविता लिहीत असे. त्या साभार परत येत.

अनसूयाबाई लोखंडे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. गावात त्यांची ओळख वेगळीच होती. बारशाला म्हणायचा पाळणा त्या रचून देत. पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशी तसं झालं, असं एकेका दिवसाचं एकेक कडवं, बाराव्या दिवसापर्यंत, बाराव्याला नाव. गावातली निम्मी पोरं बाईंच्या शब्दांवर पाळण्यात गेलेली. मी शिकायला गेलो तेव्हा आकाशवाणीला पाठवायचाय, असं सांगितलं होतं. "आकाशवाणीवर पाळणा कोण लावतं?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि दोरी माझ्या हातात दिली.

खरं कारण माझी धाकटी बहीण इंदू होती. तिला सातवा महिना चालू होता. ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही मुली चौथ्या दिवशी सकाळी गेल्या. पहिली आषाढात, दुसरी दीड वर्षानं मार्गशीर्षात. दोन्ही वेळा पाळणा लिहायला मीच घेतला होता. आई लहानपणीच गेलेली, वडील इंदूच्या लग्नानंतर वारले. माहेर म्हणून तिला मी एकटा. माहेरानं पाळणा द्यायचा असतो, म्हणून आमचा जुना सागवानी पाळणा मी दोन्ही वेळा उतरवला, घासला, तेलपाणी केलं, दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या सासरी पोचवला. दोन्ही वेळा तो परत आला.

दुसरीच्या वेळी मी भेटायला गेलो, तेव्हा इंदू पडद्याआडून एकदाच बोलली. म्हणाली, "खिडकीतनं ऊन येत होतं, दादा. ती उन्हाकडं बघत होती. वारा लागेल म्हणून आत्याबाईंनी खिडकी लावली. लावली आणि मी बघते तर..." तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही.

इंदूच्या या आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई जानकीकाकू, वाईट बाई नव्हत्या. जीभ तेवढी कडू. मला म्हणायच्या, "आमचा माधव यष्टीत कंडक्टर आहे. पन्नास माणसांची तिकिटं फाडून होतात तेवढ्यात तुमची एक ओळ होत नाही, त्र्यंबकराव." दुसऱ्या खेपेनंतर मात्र त्या हसून बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला: पाळणा पाठवा, गाणं नको.

त्या 'गाणं नको'नं माझी झोप उडवली. गाणं लिहायला घेतल्यानं पोर जातं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. निदान पुस्तकात वाचलेलं सगळं त्याच्या विरुद्ध होतं. तरी मी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

तर त्या दुपारी, तीन आठवड्यांनंतर, एकदाची ओळ बरोबर जागी पडली. पाळणा लांब गेला, थांबला, वळला आणि मी म्हटलं:

पहिल्या दिवशी पाऊल दारी,
उंबऱ्याच्या लाकडा आली उभारी

बाईंनी मान हलवली. मी पुढं गेलो. दुसरा दिवस, तिसरा दिवस. मग चौथा:

चौथ्या दिवशी कोवळे ऊन,
खिडकीशी आले वाट पुसून

आणि थांबलो.

"पुढं?"

"पुढचं अजून झालं नाही."

"हे नवीन आहे का जुनं?"

जुनं, म्हणालो. पहिल्या वेळचंच. शब्द इकडचे तिकडे केलेत.

"म्हणजे रेडिओ नाही," बाई म्हणाल्या. "बहीण."

मग त्यांनी सगळं काढून घेतलं. रागावून नाही, शाळेत न केलेल्या गृहपाठाबद्दल विचारावं तसं. पहिल्या वेळी किती कडवी झाली होती? चार. मग पुढची का नाही झाली? चारच्या पुढं गेलं की मला वाटे, सुरुवातच बरोबर नाही. मग मी पुन्हा पहिल्यावर येई. महिनाभर तेच. दुसऱ्या वेळी? दुसऱ्या वेळीही तेच. सुरुवात कुठून करावी हे ठरेना, म्हणून पुढं जाववेना.

"चाल कशावर बसवायचास?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण त्या वाट बघत राहिल्या, आणि कुणी नुसती वाट बघत राहिलं की मी सगळं सांगून टाकतो. म्हणालो, पाळणा इंदूकडे पोचवायच्या आधी माझ्या सोप्यात टांगलेला असे. तो हलवत हलवत कडवी म्हणून बघायचो. ठेका सापडायला बरं पडे.

"आत काय ठेवायचास?"

"काही नाही."

बाई उठल्या. त्यांनी पाळण्यातल्या वरवंट्याची कुंची उगाच सारखी केली. रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण घरात मी एकटा, दुपारची वेळ, आणि मी काही तो पाळणा म्हणून हलवत नव्हतो. ठेका म्हणून हलवत होतो. लिहिणाऱ्या माणसाचं हे असंच होतं. वस्तूची वस्तू राहत नाही.

"किती दिवस हलवलास?"

"दोन्ही वेळा मिळून... दोन महिने असतील."

"आणि चार कडव्यांच्या पुढं एकदाही गेला नाहीस."

"नाही."

बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू कुणाला तरी बोलावलंस, त्र्यंबक. पहिला दिवस दाखवलास, दुसरा दाखवलास, तिसरा, चौथा. पुढं रस्ताच केला नाहीस. मग तो जीव पुढं कुठं जाणार? आल्या वाटेनं परत गेला. परत बोलावलंस, परत तेवढंच."

मी म्हणालो, बाई, हा योगायोग आहे. माझा आवाज मलाच पटण्यासारखा नव्हता.

"असेल," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. पण पाळणा मला कळतो. ती चार कडवी झाली. दोनदा म्हणून झाली. आता त्या जीवाला पुन्हा उंबऱ्यापासून चालवू नकोस. पाचव्यापासून सुरू कर. आणि तो जुना कागद नदीत सोड. म्हणून दाखवू नकोस कुणाला, मनातसुद्धा नको."

"पहिल्या दिवसाशिवाय पाळणा? बायका म्हणणार नाहीत."

"बायकांचं मी बघते."

निघताना मी विचारलं, की त्यांच्या पाळण्यात वरवंटा इतकी वर्षं कशासाठी. त्या म्हणाल्या, "रिकामा ठेवायचा नाही म्हणून." आणि थोड्या वेळानं, "माझाच आहे तो पाळणा." मी पुढं विचारलं नाही.

कागद मी त्याच संध्याकाळी नीरेत सोडला. घरी आलो. सोप्यात आमचा पाळणा टांगलेला होता. स्वयंपाकघरातून वरवंटा आणून त्यात ठेवला, आणि मग लिहायला बसलो. आठवडाभरात एकच कडवं झालं. पण ते झालं तेव्हा पुन्हा मागं जावंसं वाटलं नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पाचव्या दिवशी उघडले दार,
आत ये, बाहेर थांबलीस फार

बाईंना म्हणून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "थांबलीस? मुलगी आहे हे कुणी सांगितलं तुला?"

मी कागदाकडे बघितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. लिहिताना तसंच आलं होतं. थांबलास करू का, मी विचारलं. "हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.

पाळणा मी इंदूकडे पोचवला. सहावं कडवं लिहायला अजून महिना-दीड महिना हाताशी आहे, अशा हिशेबात होतो. पण पौषात, दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच, ती नगरपालिकेच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. साडेचार पौंडांची. तिसऱ्या दिवशी घरी आणली.

चौथ्या दिवशी सकाळी मी वाचनालय नुकतंच उघडलं होतं. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोघं-तिघं बसले होते. दारात जानकीकाकू दिसल्या. त्या वाचनालयाची पायरी कधी चढलेल्या नव्हत्या. चप्पल कुठं काढायची हे न कळून त्या ती हातातच धरून आत आल्या.

"चला, त्र्यंबकराव."

मी खुर्चीवरून उठलो.

"दूध ओढत नाही पहाटेपासून. डॉक्टर येऊन गेले. ऊब द्या म्हणाले, साखरेचं पाणी द्या म्हणाले. दिलं. अंग सोडलंय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "इंदू म्हणते दादाला बोलवा. काय ते गाणं आहे म्हणे."

"तुम्ही नको म्हणाला होतात, काकू."

"म्हणाले होते. चला."

किल्ली टेबलावर ठेवून मी निघालो. माधवराव गाडीवर होते, साताऱ्याकडे. संध्याकाळशिवाय येणार नव्हते.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, दहा दिवस सोयर असते. इंदूनं त्यावर तोड आधीच काढून ठेवली होती. खोलीच्या दाराला कांबळ्याचा पडदा होता, आणि पाळण्याची दोरी त्या पडद्याखालून बाहेर ओढून ठेवली होती. दोरीजवळ पाट मांडलेला. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. बाळाचा आवाज येत नव्हता.

"दादा?"

"आलोय."

"खिडकी उघडी ठेवलीय मी," इंदू आतून म्हणाली. "कुणाला लावू देणार नाही." मग थांबून म्हणाली, "म्हण."

मी चार माणसांत कधी गायलेलो नव्हतो. बाईंपुढं म्हणायचो तेही पुटपुटल्यासारखं. हातात दोरी घेतली. पाळणा दिसत नव्हता. बाईंकडे तो डोळ्यांसमोर असे. इथं तो लांब गेला की जवळ आला, ते नुसतं दोरीवरून ओळखायचं होतं. मी ओढली, सोडली. ओढली, सोडली. दोरी हलकी होती. साडेचार पौंडांचं बाळ. पाळणा जात होता, येत होता, कड्या कुरकुरत होत्या, आणि मला सुरुवात करवत नव्हती. माझ्याकडे एकच कडवं होतं. त्याच्या पुढं काही नव्हतं. ते म्हणून संपलं की पुन्हा तेच, असं झालं तर? पुन्हा रस्ता अर्ध्यातच तुटला तर?

जानकीकाकू चुलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता लाजू नका."

पाळणा लांब गेला. टोकाला पोचला. थांबला.

थांबला तो जरा जास्तच वेळ. हे मला नक्की आठवतं, किंवा नक्की आठवतं असं मी इतकी वर्षं मानत आलोय. दोरी ताणलेलीही नव्हती, सैलही नव्हती. एक श्वास गेला, दुसरा गेला. लोंबतं काहीही इतका वेळ टोकाशी थांबत नाही. मग तो वळला, आणि दोरीतून माझ्या तळहाताला वजन जाणवलं. साडेचार पौंडांचं नव्हे. चांगलं वजन.

मी म्हटलं:

पाचव्या दिवशी उघडले दार,
आत ये, बाहेर थांबलीस फार

आवाज फाटला, पण ओळ जागेवर पडली. पाळणा पुन्हा लांब गेला, आणि मी पुढची ओळ शोधायच्या आत तो परत फिरला. तोंड उघडलं तर त्यात शब्द होते:

सहाव्या दिवशी कागद कोरा,
लिहिणारीला वाट द्या जरा

सहाव्याला सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून उशाशी कोरा कागद ठेवतात; ते मला माहीत होतं. पण ती ओळ मी आधी कधी लिहिलेली नव्हती. मग सातवा दिवस आला. मग आठवा. मी रचत होतो असं मला म्हणवत नाही. दोरी मागं जाई, जड होऊन परत येई, आणि प्रत्येक वेळी एक कडवं घेऊन येई. माझे हात दुखू लागले. पाळणा मी ओढत होतो की तो मला ओढत होता, तेही पुढं पुढं कळेना. बाराव्यापर्यंत आलो:

बाराव्या दिवशी नाव ठेविले,
हाक मारिता वळून पाहिले

आणि दोरी सैल पडली. पाळणा थांबला. एकदम, कुणी हातानं धरावा तसा.

आत काही आवाज नव्हता. मी पाटावर बसून होतो. मग बारीक, चुळूचुळू असा आवाज आला. मला तो काय आहे ते कळलं नाही, मी कधी ऐकलेला नव्हता. जानकीकाकूंना कळलं. त्या उठल्या, पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आत न बघता ऐकत राहिल्या.

"ओढतेय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "चहा ठेवते."

बारसं बाराव्या दिवशी झालं. नावावरून थोडी ओढाताण झाली. पोर टिकावं म्हणून दगडाधोंड्याचं नाव ठेवायचं, असा जानकीकाकूंचा आग्रह. धोंडूबाईच ठेवायचं म्हणत होत्या. मी भीत भीत 'शैला' सुचवलं. अर्थ दगडाचाच, पण शाळेत हजेरी घेताना पोरी हसायच्या नाहीत. काकूंनी अर्थ दोनदा विचारून घेतला आणि मान्य केलं. पाळणा इंदूनं माझ्याकडून ऐकून लिहून ठेवला होता. बायका म्हणायला लागल्या आणि पहिली ओळ 'पाचव्या दिवशी' अशी बघून थांबल्या. "सुरुवात कुठाय?" कुणीतरी विचारलं. बाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. "झालीय ती," त्या म्हणाल्या. "म्हणा." त्यांच्या शाळेत शिकलेल्या बायका होत्या त्या. म्हणू लागल्या.

निघताना बाई चपला शोधत होत्या, मी वाकून त्यांच्या पुढं ठेवल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "जड लागला?"

त्या सकाळचं दोरीचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "फार."

"मग झालं," बाई म्हणाल्या. "आता दुपारचा येऊ नकोस. आणखी शिकवण्यासारखं माझ्याकडे नाही."

पाहुणे गेल्यावर इंदू बाळाला घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. लाल, सुरकुतलेली, मुठी वळलेली. इंदू म्हणाली, "दादा, एक सांगू? त्या दिवशी तू दोरी ओढायला लागलास ना, तेव्हाच मी हिला उचलून घेतली होती. गार पडत होती, मला तिला दूर ठेववेना. तू म्हणत होतास तेवढा वेळ ही माझ्या मांडीवरच होती."

"पाळण्यात काय होतं?"

"काही नाही. मी बघत होते ना. रिकामा हलत होता."

काकूंनी वरवंटा ठेवला असेल, असं मी मनाशी म्हटलं. पाळणा रिकामा नको म्हणून एखादी बाई तसं करेल. काकूंना विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं. त्यानंतर त्या बारा वर्षं जगल्या. मी विचारलं नाही.

शैला वाढली. हट्टी, काळीसावळी, मामाकडे आली की पुस्तकांच्या ढिगावर चढून बसणारी. माझ्याशी ती बरोबरीच्या माणसासारखी बोले. ती सहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदू तिला माझ्याकडे सोडून बाजारात गेली होती. दुपारची वेळ होती. पाळणा पुन्हा माझ्या सोप्यात आला होता, टांगलेला होता. शैलाला बाहुली निजवायला हवा म्हणून मीच टांगला होता. मी आतल्या खोलीत वाचत पडलो होतो. कड्या कुरकुरायला लागल्या. मग तिचा आवाज आला, बारीक, सावकाश:

पहिल्या दिवशी पाऊल दारी,
उंबऱ्याच्या लाकडा आली उभारी

मी पुस्तक पोटावर तसंच उपडं ठेवलं.

ती कडवी इंदूनं कधी ऐकली नव्हती. कागद नीरेत गेला होता. बाईंनी ऐकली होती, पण शैला रांगू लागायच्या आतच बाई गेल्या. मी बाईंचं ऐकून मनातसुद्धा म्हणायचं टाळलं होतं. झोपेत बडबडलो असेन कधी. एकट्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो.

दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. शब्द न् शब्द माझा. मी उठून दाराशी गेलो. शैला माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसली होती, दोरी दोन्ही हातांत. ती म्हणाली:

चौथ्या दिवशी खिडकी लाविली,
वाट पुसणारी बाहेर राहिली

"शैला," मी म्हणालो. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"चौथं असं नाहीये." मी म्हणालो. "'कोवळे ऊन' आहे तिथं. 'खिडकीशी आले वाट पुसून.'"

तिनं मागं वळून बघितलं. चूक दाखवली की ती चिडत असे, तशी चिडली नाही. मलाच काहीतरी समजावून सांगायचं असावं, तशी बघत होती.

"ते तू लिहिलंस, मामा," ती म्हणाली. "तसं झालं नव्हतं."

आणि ती पुन्हा पाळण्याकडे वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहुली तिच्या मांडीवर आहे. पाळणा लांब गेला होता. ती गप्प बसून वाट बघत होती. तो टोकाला थांबला, वळला, आणि परतीवर तिनं पाचवं कडवं बरोबर जागी उचललं. बाई रोज सांगत असूनही ते जमायला मला तीन आठवडे लागले होते.

मी दोन पावलं पुढं गेलो. दोरी तिच्या हातातून घ्यावी म्हणून हात लांब केला. एकदा ओढून बघितली असती तर पाळणा हलका आहे की जड, ते कळलं असतं. पाळणा परत आला, माझ्या गुडघ्यापर्यंत आला, पुन्हा लांब गेला.

मी हात मागं घेतला आणि तिचं म्हणून होईपर्यंत दाराशी उभा राहिलो.